इंग्रजी प्रश्नांतील शब्दक्रम : 'व्हेअर इज ही' आणि 'व्हेअर ही इज'

ओसरी

नमस्कार. सांगलीत मी संध्याकाळी प्रौढ स्त्रियांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. वर्गातल्या बहुतेक जणी मराठी माध्यमातून शिकलेल्या आहेत, आणि ज्यांनी 2000 सालापूर्वी शाळा संपवली त्यांची इंग्रजीशी गाठ पडली तीच मुळी पाचवीत. एक चूक या वर्गात इतक्या नियमाने होते की तिच्याकडे निव्वळ निष्काळजीपणा म्हणून पाहणे मला आता पटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझी एक विद्यार्थिनी औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे कामाला आहे आणि दिवसभर तिचे फोनवर बोलणे चालू असते. बंगळुरूच्या पुरवठादाराला तिने विचारले, 'कुड यू टेल मी व्हेन विल द पार्सल रीच?' त्यांना वाक्य समजले, पार्सलही वेळेवर आले. पुढे दुसऱ्या एका नोकरीच्या मुलाखतीत ती म्हणाली, 'आय वॉन्ट टू नो व्हॉट इज द सॅलरी.' समोरच्या गृहस्थांनी तिचे वाक्य दुरुस्त करून सगळ्यांसमोर पुन्हा म्हणून दाखवले आणि त्यानंतर पुरी मुलाखत होईपर्यंत तिला तोंड उघडवेना. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मॅडम, प्रश्नात क्रियापद आधी आणायचे, हे तुम्हीच शिकवले होते. मी तेच केले." तिचे म्हणणे खरे होते. मी तसेच शिकवले होते.

म्हणजे नियम तिला कळला नव्हता असे नाही. कळलेला नियम तिने जिथे लागत नाही तिथेही लावला. विशेष म्हणजे याच वर्गातल्या दुसऱ्या काही जणी समोरच्याला सरळ प्रश्न विचारताना 'व्हेअर यू आर गोइंग?' असे म्हणतात. जिथे क्रम उलटायला हवा तिथे तो सुलटा राहतो, आणि जिथे सुलटा हवा तिथे उलटतो.

माझे मत असे झाले आहे की आपण हा क्रमबदल प्रश्नवाचक शब्दाला बांधून शिकवतो आणि तिथेच चुकतो. 'व्हेअर', 'व्हॉट', 'व्हेन' यांतले काही दिसले की सहायक क्रियापद उचलून कर्त्याच्या आधी ठेवायचे, एवढेच मुलींच्या मनात बसते. वास्तविक क्रम उलटतो तो त्या क्षणी आपण विचारत असतो म्हणून. 'आय नो व्हेअर ही इज' या वाक्यात 'व्हेअर' आहे, पण कोणी काही विचारत नाही. हे मत व्याकरणाच्या कसोटीला उतरते का, आणि उतरत असेल तर वर्गात ते कसे मांडावे, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

अधोरेखित

ओसरीताई, आपले मत बहुतांशी बरोबर आहे. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. पदवीच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांतही हीच चूक मी शेवटच्या वर्षापर्यंत लाल शाईने खोडत होतो.

इंग्रजीत प्रश्न तयार होताना दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात, आणि पाठ्यपुस्तके त्या एकत्र शिकवत असल्यामुळे त्या दोन आहेत हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही. 'ही इज ॲट द स्टेशन' हे विधान घ्या. पहिली गोष्ट अशी की 'ॲट द स्टेशन'च्या जागी 'व्हेअर' येते आणि ते वाक्याच्या सुरुवातीला जाते. दुसरी अशी की 'इज' हे 'ही'ला ओलांडून पुढे येते. दोन्ही घडल्या की 'व्हेअर इज ही?' तयार होते. अप्रत्यक्ष प्रश्नात फक्त पहिली घडते, दुसरी घडत नाही: 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज.' दोन पावले वेगळी करून दाखवली की निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम 'डू'चे आहे आणि खरी अडचण तिथेच आहे. 'द बॅग कॉस्ट्स नाइन हंड्रेड रुपीज' यात पुढे आणण्याजोगे सहायक क्रियापदच नाही, म्हणून इंग्रजी 'डू'ला बोलावते, आणि 'डू' येताना मुख्य क्रियापदाकडचा 'स' स्वतःकडे घेऊन 'डज' होते: 'हाऊ मच डज द बॅग कॉस्ट?' अप्रत्यक्ष प्रश्नात क्रम उलटत नाही, तेव्हा 'डू'ला बोलावण्याचे कारणच उरत नाही. ते निघून जाते आणि जाताना तो 'स' ज्याचा त्याला परत करते: 'आय डोन्ट नो हाऊ मच द बॅग कॉस्ट्स.' 'डिड'चेही तसेच. तिथे परत द्यायचा असतो तो भूतकाळ. 'व्हेन डिड शी लीव्ह?' याचे 'टेल मी व्हेन शी लेफ्ट' होते. माझे विद्यार्थी 'डिड' काढायला शिकत, पण 'व्हेन शी लीव्ह' असे लिहून थांबत, म्हणजे घेतलेले परत करायचे विसरत. मी फळ्यावर 'डज'मधल्या 'स'पासून 'कॉस्ट'पर्यंत खडूने बाण काढत असे. तो बाण एकदा पाहिलेला विद्यार्थी सहसा पुन्हा चुकत नसे.

'हाऊ मच', 'हाऊ ओल्ड', 'व्हॉट टाइम' असे जोडशब्द फोडायचे नाहीत, एवढे बजावून ठेवावे. 'टेल मी हाऊ ओल्ड यू आर' बरोबर, 'टेल मी हाऊ यू आर ओल्ड' चूक. प्रश्नचिन्ह मात्र प्रधान वाक्याकडे पाहून द्यायचे असते: 'आय वंडर व्हेअर ही इज' याच्या शेवटी पूर्णविराम येतो, 'कुड यू टेल मी व्हेअर ही इज' याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, कारण 'कुड यू' हा स्वतःच प्रश्न आहे.

कृष्णाकाठ

अधोरेखित सरांनी इंग्रजीची बाजू मांडली. मला मराठीच्या बाजूने लिहायचे आहे, कारण चूक कुठून येते हे तिथे दिसते.

'तो कुठे राहतो?' हा प्रश्न आहे. 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही' हे विधान आहे. पहिल्या तीन शब्दांची जागा जराही बदललेली नाही. मराठीत प्रश्नवाचक शब्द उत्तराच्याच जागी बसतो: 'तो मिरजेत राहतो', 'तो कुठे राहतो'. होय-नाही प्रश्नाला आपण शेवटी 'का' लावतो किंवा नुसता आवाज चढवतो. म्हणजे शब्दक्रम हे विचारण्याचे साधन आहे ही कल्पनाच आपल्या भाषेत नाही, आणि त्यात आपण एकटे नाही. भाषारचनांची तुलना करणारे मॅथ्यू ड्रायर यांनी जगातील 955 भाषांमधील होय-नाही प्रश्न तपासले, तेव्हा असा प्रश्न शब्दक्रम बदलून विचारणाऱ्या भाषा त्यांना अवघ्या 13 सापडल्या. इंग्रजीची ही चाल जगात दुर्मीळ आहे, हे ओसरीताईंनी आपल्या विद्यार्थिनींना जरूर सांगावे. आपली जीभ अडखळते ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, एवढे तरी त्यांना कळेल.

मराठीत एक छोटा शब्द मात्र आपल्याला मदत करतो, आणि तो म्हणजे 'ते'. 'वाचनालय कुठे आहे?' यात 'ते' नाही. 'वाचनालय कुठे आहे ते सांगाल का?' यात आहे. 'पार्सल कधी पोहोचेल?' यात नाही. 'पार्सल कधी पोहोचेल ते सांगता का?' यात आहे. मनातल्या मराठी वाक्यात प्रश्नाच्या मागोमाग 'ते' बसत असेल, तर इंग्रजीत क्रम उलटायचा नाही आणि 'डू'लाही बोलवायचे नाही. 'पगार किती आहे ते मला जाणून घ्यायचे आहे', म्हणून 'आय वॉन्ट टू नो व्हॉट द सॅलरी इज'. होय-नाही प्रश्नातही हेच चालते: 'तो आला का ते बघ', म्हणून 'सी इफ ही हॅज कम'.

ही खूण परकी नाही, शिकवावीही लागत नाही. ती प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडात आधीपासूनच आहे. कर्त्याचे नाव, क्रियापदाचे नाव, गौण वाक्य, प्रधान वाक्य यांपैकी काहीही न सांगता ती वापरता येते.

रानवाट

'ते'ची खूण फार आवडली. पण माझ्या मुलाच्या वहीत वेगळाच प्रकार आहे, तो यात कसा बसवायचा? तो लिहितो, 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग.' शिक्षिकेने नुसती फुली मारली आहे, पण नेमके काय चुकले ते लिहिलेले नाही.

कृष्णाकाठ

रानवाट, आपल्या मुलाने 'त्याने मला विचारले की तू कुठे जातोस' हे मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून उतरवले आहे. आपला 'की' बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे ठेवतो. 'तू' हा 'तू'च राहतो, 'जातोस' हे 'जातोस'च राहते, जणू तो माणूस पुन्हा समोर उभा राहून बोलतो आहे. 'तू कुठे जातोस असे त्याने विचारले' यातल्या 'असे'चेही तेच. इंग्रजीतला अप्रत्यक्ष प्रश्न मात्र सांगणाऱ्याच्या तोंडून येतो, म्हणून सगळे त्याच्या जागेवरून पाहावे लागते: 'यू'चा 'आय' होतो, 'आर'चा 'वॉज' होतो, क्रम सुलटा होतो आणि 'दॅट' गळून पडते. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.'

'की' म्हणजे 'दॅट' हे समीकरण विधानापुरतेच ठेवावे. प्रश्नवाचक शब्द असेल तर 'की'ला इंग्रजीत काहीच नाही. 'का'चा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर'. मुलाला 'की'चे वाक्य आधी 'ते'च्या वाक्यात बदलायला सांगा: 'मी कुठे जातो आहे ते त्याने मला विचारले.' यात 'तू'चा 'मी' आपोआप झाला, पाहा. या वाक्यावरून त्याला इंग्रजी करणे सोपे जाईल.

राइनतीर

मी जर्मनीत राहते. पुण्यात असताना जर्मन शिकले, आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते हे कळले तेव्हा आमच्या वर्गातल्या सगळ्या मराठी मुलांना हायसे वाटले होते. 'वो वोन्ट एर?' म्हणजे 'तो कुठे राहतो?', आणि 'इश वाइस निश्ट, वो एर वोन्ट' म्हणजे 'तो कुठे राहतो ते मला माहीत नाही'. जर्मनमध्येही थेट प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी येते आणि अप्रत्यक्ष प्रश्नात मागे जाते. फरक इतकाच की तिथे ते थेट वाक्याच्या टोकाला जात असल्यामुळे कानाला चटकन कळते. इंग्रजीत 'इज' आणि 'ही' यांची नुसती अदलाबदल होते, म्हणून कान फसतो.

'ते'ची खूण जिथे लागू पडत नाही असे एक ठिकाण मला इथे नोंदवावेसे वाटते. 'तुला काय वाटते, तो कुठे राहत असेल?' हे अस्सल मराठी वाक्य आहे. 'तो कुठे राहत असेल ते तुला वाटते' असे आपण म्हणूच शकत नाही. आपण पहिल्या वाक्यावरून इंग्रजी करतो आणि म्हणतो, 'व्हॉट डू यू थिंक व्हेअर ही लिव्ह्ज?' इंग्रजीला हे चालत नाही. तिथे प्रश्नवाचक शब्द एकच आणि तोही थेट सुरुवातीला: 'व्हेअर डू यू थिंक ही लिव्ह्ज?' क्रम फक्त 'डू यू थिंक' एवढ्यात उलटला, पुढचे 'ही लिव्ह्ज' सुलटेच राहिले. जर्मनमध्ये मात्र आपल्यासारखेच 'वास ग्लाउब्स्ट डू, वो एर वोन्ट?' असे बिनदिक्कत म्हणतात, आणि 'वास' म्हणजे 'काय'. हे वाक्य पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले होते.

जुनी वही

'डू' नव्हते तेव्हा काय होते, याबद्दल थोडे लिहितो. जुन्या इंग्रजीत कोणतेही क्रियापद कर्त्याला ओलांडून पुढे येऊ शकत असे. आजच्यासारखे ते काम सहायक क्रियापदांपुरते मर्यादित नव्हते. प्रश्नांतले 'डू' सोळाव्या-सतराव्या शतकात झपाट्याने पसरले. स्वीडिश अभ्यासक अल्वार एलेगोर्ड यांनी 1953 मध्ये जुन्या ग्रंथांतील उदाहरणे मोजून या वाढीचा आलेखच काढून दाखवला.

1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, 38 आणि 39 या लागोपाठच्या वचनांत, आपल्या चर्चेसाठी जणू मुद्दाम मांडून ठेवलेली जोडी आहे. शिष्य येशूला विचारतात, 'व्हेअर ड्वेलेस्ट दाऊ?' पुढच्याच वचनात निवेदक सांगतो, 'दे केम अँड सॉ व्हेअर ही ड्वेल्ट.' विचारताना क्रियापद आधी, कर्ता नंतर. पाहिल्याचे सांगताना कर्ता आधी, क्रियापद नंतर. 'डू' कुठेच नाही, तरी दोन क्रमांमधला भेद आजच्याइतकाच स्वच्छ आहे. म्हणजे हा भेद 'डू'च्या आधीपासूनचा आहे, आणि तो विचारण्याशी बांधलेला आहे हे ओसरीताईंचे म्हणणे इथेही खरे ठरते.

लिफीकाठ

मी काही वर्षे डब्लिनमध्ये आहे, आणि इथली बोली ऐकल्यापासून 'क्रम उलटला म्हणजे चूक' असे मी सरसकट म्हणत नाही. इथे माणसे सर्रास म्हणतात, 'आस्क हिम डज ही वॉन्ट टी', 'आय वंडर इज शी कमिंग'. बोलणारे जन्मापासून इंग्रजीच बोलत आलेले आहेत आणि त्यांच्या कानाला ही वाक्ये सरळ वाटतात. आयरिश भाषेत होय-नाही प्रश्नाच्या सुरुवातीला 'अन' हा छोटा शब्द येतो आणि प्रश्न थेट असो वा अप्रत्यक्ष, तो तसाच राहतो; इथल्या इंग्रजीच्या या लकबीमागे त्या भाषेचा वारसा आहे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. मराठी बोलणाऱ्याच्या इंग्रजीत मराठीचा क्रम झिरपतो, तसेच काहीसे.

पण या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जेम्स मॅक्लॉस्की या आयरिश भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की या बोलीतही क्रम कुठेही उलटत नाही. 'आस्क', 'वंडर' यांच्यामागे तो उलटतो, कारण तिथे एक प्रश्न अजून उघडा असतो. उत्तर हाती असल्याचे सांगणाऱ्या वाक्यात, म्हणजे 'आय फाउंड आउट'सारख्या क्रियापदामागे, तो याही बोलीत उलटत नाही. शाळेत ज्याला एकच 'इनडायरेक्ट क्वेश्चन' म्हणून शिकवतात, त्यात खरे तर दोन जाती आहेत: विचारण्याची आणि माहीत असण्याची. प्रमाण इंग्रजीने दोन्हींना सुलटा क्रम दिला. डब्लिनच्या इंग्रजीने पहिल्या जातीला उलटा क्रम ठेवला.

मराठीतही ही फूट आहे असे कृष्णाकाठ यांचे प्रतिसाद वाचताना जाणवले. 'तू कुठे राहतोस असे त्याने विचारले' चालते, पण 'तू कुठे राहतोस असे मला माहीत आहे' चालत नाही, तिथे 'ते'च लागते. 'असे' विचारण्यापाशी थांबते, 'ते' दोन्हीकडे जाते.

परीक्षेत आणि मुलाखतीत प्रमाण क्रमच वापरावा, यात वाद नाही. पण त्या विद्यार्थिनीचे वाक्य ऐकून कोणी तिला कमी लेखू नये, असे मला कळकळीने वाटते.

रानवाट

आणखी एक शंका. 'हू केम?' यात काहीच उलटलेले दिसत नाही. आणि 'डू यू नो हू इज द मॅनेजर' असे चांगले इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. 'आय डोन्ट नो व्हॉट्स द मॅटर' हेही ऐकतो. ही सगळी माणसे चुकतात का?

अधोरेखित

ती माणसे चुकत नाहीत, आणि शंका अगदी नेमक्या जागी आली आहे. प्रश्नवाचक शब्द स्वतःच कर्ता असेल तर तो मुळातच पहिला असतो. त्याला ओलांडून जायला क्रियापदाकडे कारण नाही. 'हू केम?', 'व्हॉट हॅपन्ड?' यांत 'डू'ही येत नाही. म्हणून अप्रत्यक्ष करतानाही काही बदलत नाही: 'आय नो हू केम', 'टेल मी व्हॉट हॅपन्ड'.

कर्ता कोण हे ओळखायला उत्तराचे वाक्य करून पाहावे. 'समथिंग इज राँग', 'समथिंग इज द मॅटर' अशी उत्तरे होतात, म्हणजे 'व्हॉट' कर्त्याच्या जागी आहे. म्हणून 'आय डोन्ट नो व्हॉट्स राँग' आणि 'व्हॉट्स द मॅटर' दोन्ही जसेच्या तसे राहतात. 'हू इज द मॅनेजर'ला मात्र दोन्ही बाजूंनी वाचता येते. 'दॅट लेडी इज द मॅनेजर' हे उत्तर मनात असेल तर 'हू' कर्ता, आणि क्रम तोच राहतो. 'द मॅनेजर इज दॅट लेडी' असे मनात असेल तर 'द मॅनेजर' कर्ता, आणि 'हू द मॅनेजर इज' होते. दुसरा क्रम अधिक वापरला जातो, पण पहिल्याला चूक म्हणता येणार नाही. सर्वनाम आले की मात्र ही मोकळीक संपते: 'डू यू नो हू शी इज', कारण 'शी' हे रूपच कर्त्याचे आहे. 'डू यू नो हू इज शी' मी तरी स्वीकारणार नाही.

जाता जाता एक सांगतो. 'द क्वेश्चन इज, व्हेअर इज ही?' असे स्वल्पविराम देऊन लिहिलेले वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे. स्वल्पविरामानंतर बोलणारा खरोखरच प्रश्न विचारू लागतो, म्हणून क्रम उलटतो. स्वल्पविराम काढला तर 'द क्वेश्चन इज व्हेअर ही इज' असे लिहावे लागते. आपल्या मूळ मताला याहून चांगला आधार मला तरी ठाऊक नाही, ओसरीताई.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात वर्गात मी 'इनडायरेक्ट' हा शब्दच उच्चारला नाही. फळ्यावर फक्त मराठी प्रश्न लिहिले: 'बस कधी सुटते?', 'डॉक्टर कुठे बसतात?', 'हे औषध कोणी दिले?', 'बिल भरले का?' प्रत्येकीने प्रश्न आधी समोरच्या मैत्रिणीला विचारायचा, मग त्याला 'ते' जोडून माझ्याकडे वळायचे आणि 'प्लीज टेल मी'ने सुरू करायचे. 'व्हेन डज द बस लीव्ह?' मैत्रिणीला, 'प्लीज टेल मी व्हेन द बस लीव्ह्ज' मला. तोंड वळले की क्रम वळतो, असे त्यांनीच आपसात ठरवून टाकले. अधोरेखित सरांचा खडूचा बाणही मी काढला. 'लीव्ह्ज'मधला 'स' सगळ्यांत आधी एका पन्नाशीच्या बाईंच्या लक्षात आला. 'हे औषध कोणी दिले' यात काहीच बदलत नाही हे त्यांनी स्वतः शोधून काढले आणि मला कारण विचारले.

त्या विद्यार्थिनीचा काल दुपारी दुकानातून फोन आला होता. मी बोलत असतानाच तिच्या दुसऱ्या फोनवर बंगळुरूहून कोणीतरी आले. पलीकडून मला ऐकू आले, 'कुड यू टेल मी व्हेन विल', मग क्षणभर ती थांबली, आणि म्हणाली, 'व्हेन द पार्सल विल रीच?'